कमी हवेच्या चाकांवर चारठाण्याची चढण

आमचं लग्न एका संध्याकाळी ठरलं होतं. टायर ठरायला मात्र कितीतरी आठवडे गेले. नाशिकच्या आमच्या नेहमीच्या सायकलच्या दुकानात विनायकनं काउंटरवर दोन टायर आणून टाकले आणि वसंतनं दोन्हींच्या बाजू अंगठ्यानं दाबून पाहिल्या, बाजारात वांगी दाबून पाहतात तशा. मग एक टायर बाजूला सारून तो म्हणाला, "हा नको. याच्यातून मला काहीच कळणार नाही."

वसंत म्हणजे माझा नवरा. बँकेतून निवृत्त झालेला, गप्पिष्ट आणि हट्टी. एका आजारानं त्याची नजर हळूहळू कमी होत गेली आणि आता त्याला उजेड आहे की अंधार, एवढंच समजतं. म्हणून आमची सायकल दोघांची आहे. पुढे मी. हँडल, ब्रेक, गिअर सगळं माझ्याकडे. मागे तो पायडल मारतो आणि न विचारता सूचना करतो.

त्याचं गाव परभणी जिल्ह्यात, चारठाण्याच्या पुढे, जिंतूरच्या डोंगराच्या पायथ्याला. घर, शेत कधीच विकलं गेलंय. नजर गेल्यावर तो तिकडे गेलाच नव्हता. "दिसत नाही तर जाऊन करू काय," असं म्हणायचा. या थंडीत मात्र स्वतःच म्हणाला, "सायकलवर जाऊ. थेट वरच्या बरडापर्यंत." बरड म्हणजे पातळ मातीची, खडकाळ जमीन. यांचं रान तिथंच होतं. मी म्हटलं, गाडीनं पायथ्यापर्यंत जाऊ, पुढे चालू. त्यावर तो म्हणाला, "चालत गेलो तर तू हात धरशील आणि मला फक्त तुझा हातच कळेल. सायकलवर रस्ता खालून अंगात येतो. मला तिथला दगड कळायला हवा, सुमन."

म्हणून हे टायर. ट्यूबलेस घ्यायचे, यावर आमचं एकमत होतं. त्यात ट्यूब नसते. टायरची कड रिमला घट्ट बसते आणि आत दुधासारखं पांढरं रसायन ओततात. काटा घुसला की ते भोकाशी जाऊन घट्ट होतं. ट्यूब चिमटण्याची भीती नसल्यानं हवा कमी ठेवता येते, त्यामुळे चाक दगडावरून टणाटण उडत नाही, दगडाला धरून जातं. रुंद हवेत, नक्षीचे दात उंच हवेत, हेही मान्य होतं. भांडण होतं ते टायरच्या बाजूच्या भिंतीवरून. एकाची भिंत जाड, दुसऱ्याची पातळ आणि लवचीक.

"काकू, मागच्या चाकावर जास्त भार येतो," विनायक म्हणाला. "धारदार दगडानं बाजू फाटते. तुम्ही दोघं आहात, जाडच घ्या."

"जाड म्हणजे मला गादीवर बसवून नेल्यासारखं," वसंत म्हणाला.

"आणि फाटलं तर डोंगरात सायकल कोण उचलणार?" मी विचारलं.

"दोघं उचलू."

"जाडच दे रे," मी विनायकला सांगितलं. वसंत गप्प बसला. हा माणूस गप्प बसला की घरात पाहुणा आल्यासारखं अवघडतं. पण मी बधले नाही. ज्याला दिसत नाही त्याला घेऊन खडकात जायचं, तर सांभाळायचं कुणी? मीच ना?

सायकल रेल्वेच्या सामानाच्या डब्यात चढवली आणि सकाळी सेलूला उतरलो. फलाटावर पाय टेकताच वसंतची जीभ बदलली. नाशिकमध्ये 'मी येतो आहे' म्हणणारा माणूस चहावाल्याला म्हणाला, "दोन चहा द्या, मालक. लय थंडी हाय." माझ्याशी इतकी वर्षं बोललेला आवाज जरा मोकळा, जरा ऐसपैस झाला होता. मला फार बरं वाटलं, आणि थोडं एकटंही वाटलं.

स्टेशनबाहेर सायकलचं हँडल सरळ करत असताना रिक्षावाल्यांचा घोळका जमला. एक दाढीवाले चाचा सायकलभोवती एक फेरी मारून आले.

"ही काय भानगड हाय, बाई? तुमी पुढं अन् साहेब मागं?"

"ब्रेक तिच्याकडंच हायत," वसंत म्हणाला. "लगीन झाल्यापासनं."

चाचा असे हसले की शेजारची शेळी दचकली. मग चाकं दाबून बघत त्यांनी काळजीनं सांगितलं, "हवा कमी हाय. फुल करून घ्या." मी त्यांना समजावू लागले की हवा मुद्दामच कमी ठेवली आहे. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना पटलं नाही हे स्पष्ट दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही मनातून पटलेलं नव्हतं. विनायकनं सांगितलं होतं त्यापेक्षा थोडी जास्तच हवा मी गुपचूप भरली होती.

देवगाव फाट्यापर्यंत डांबरी रस्ता. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आलेली, मध्येच तुरीच्या काढणीच्या गंज्या, आणि हरभऱ्याचा तो आंबूस वास. वसंत मागून पिकांची नावं सांगत होता आणि बहुतेक बरोबर सांगत होता. चारठाण्याला आम्ही जुन्या देवळांपाशी थांबलो. एका पडक्या मंडपात कोरीव खांब उभे आहेत. वसंतनं एका खांबावर दोन्ही हात ठेवले आणि नक्षी वाचायला सुरुवात केली. तिथं उन्हाला बसलेले एक आजोबा म्हणाले, "बगा, खुशाल हात लावून बगा. डोळ्यानं बगनारे लय येतेत, अन् फोटू काढून जातेत."

एका मूर्तीपाशी त्यानं विचारलं, "चेहरा कसा आहे?"

"छान आहे," मी म्हणाले.

त्याची बोटं तेव्हाच फुटलेल्या नाकाशी पोचली होती. मूर्तीच्या गालावरून हात फिरवून त्यानं पुढचा खांब गाठला. मला चुकचुकल्यासारखं झालं, पण नाक फुटलंय हे सांगून काय साधणार होतं, असंही वाटलं.

पुढची वाट पांदणीची. पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधून जाणारा बैलगाडीचा रस्ता. ढोरं शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेला बाभळीच्या फांद्या रचलेल्या, त्यांचे काटे वाटभर पसरलेले. चाकांखाली कटकट आवाज येत होता. मी खाली पाहिलं तर टायरभर काटे रुतलेले होते. तरी हवा जागच्या जागी. विनायकला मनातून शाबासकी दिली. वसंतला विचारलं, "काय कळतंय?" तो म्हणाला, "तुझे टायर फार चांगले आहेत." हे कौतुक नव्हतं, हे मला कळलं.

दिवस कलता कलता गाव आलं. तिथं त्याची एकच जवळची व्यक्ती उरली आहे, त्याची चुलत बहीण गयाआक्का. वयानं मोठी, अंगानं काटकुळी, पत्र्याच्या दोन खोल्यांत एकटी राहते आणि अजून दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. लहानपणी बरडावर जाताना वसंत हिच्याच कडेवर असायचा. त्याला पाहताच ती धावत आली, त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "आलास का रं माझ्या राजा. किती वाळलास." वाळलेला तो मुळीच नाही.

जेवणाला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची दाट आमटी). जेवता जेवता वसंतनं विचारलं, "आक्का, वरली जांभूळ कशी हाय?"

"हाय की," आक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "औंदा बी लय लागली व्हती."

तो माझ्याकडे वळून सांगू लागला. चढण संपते तिथं झऱ्याकाठी एक जांभूळ आहे. त्याचे वडील तिच्याखाली भाकरी खायला बसायचे. नजर जात होती त्या काळात तो रोज एक गोष्ट मनात पक्की बसवून ठेवायचा, माझा चेहरा, दाराचा रंग, तशी त्यानं ती जांभूळही बसवून ठेवली होती. फोनवर तो दर उन्हाळ्यात आक्काला त्या जांभळीची खुशाली विचारतो, हे मला माहीत होतं. पण ती माझ्या चेहऱ्याच्या रांगेत आहे हे तेव्हा कळलं.

सकाळी मी चूळ भरून अंगणात आले आणि जागीच थिजले. आक्का सायकलपाशी उकिडवी बसलेली. इकडच्या बायका काटे काढायचा छोटा लोखंडी चिमटा कनवटीला बाळगतात. तो चिमटा घेऊन तिनं दोन्ही टायरांतला एकूण एक काटा उपसला होता आणि सगळे काटे एका ताटलीत काढून ठेवले होते, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. टायरांतून जागोजागी पांढरं रसायन टिपकत होतं.

"दूध निघायलंय गं, सुमन," ती घाबरून म्हणाली. "रुईच्या चिकावानी. गूळ-चुना लावू का?"

माझा पारा चढला. "आक्का, अहो, काटे काढायचे नसतात!"

"काटा काढायचा नसतो?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "मग काय ठिवून घ्यायचा असतो, बाई?"

ट्यूबलेसमध्ये काटा घरी पोचेपर्यंत जिथल्या तिथं राहू द्यायचा असतो, तोच भोकाचं बूच असतो, हे तिला कसं सांगू? पाहुण्याच्या पायातला काटा पाहुणा उठायच्या आत काढायचा, एवढंच तिला ठाऊक. चाक काय आणि पाय काय. वसंत दारात उभा राहून पोट धरून हसत होता. मी रडायच्या बेतात होते.

जवळची रसायनाची सगळी बाटली ओतली. चाकं फिरवली, आडवी धरली, हलवली. बहुतेक भोकं बुजली. पण पंपानं हवा भरत गेले की अमुक एका घट्टपणानंतर चारदोन भोकं पुन्हा सूं करायची. हवा थोडी सोडली की गप्प. असं बराच वेळ चाललं. शेवटी वसंतनं येऊन मागचं चाक अंगठ्यानं दाबलं.

"एवढीच राहू दे."

"फार कमी आहे. दगडावर रिम आपटेल."

"मग हळू जाऊ. सुमन, मी तिथं सुखरूप पोचायला आलेलो नाही. पोचायला आलोय."

मला हे झोंबलं. पण भोकं जास्त हवा घेत नव्हती, त्यामुळे माझ्या हातात दुसरं काही नव्हतंही. आक्कानं सांगितलं, ती खुरपायला जाते त्या पायथ्याच्या शेतात हुरडा भाजून ठेवील, उतरताना तिथं या. तिचा चेहरा पडलेला होता. मला वाटलं, काट्यांमुळे.

चढण सुरू झाली. आधी मुरूम, मग सुटे गोटे, मग काळ्या खडकाची पाठ. कमी हवेची चाकं खडकाला चिकटून चालत होती. टायर दबत होता, पसरत होता, दगड ओलांडून पुन्हा गोल होत होता, आणि ते सगळं सीटमधून अंगात येत होतं. माझ्यासुद्धा. मागून वसंतचा आवाज आला, "हे सुटे गोटे. आता डावीकडं वळण." वळण आलं. "आता सलग खडक लागंल." लागला. तो माझ्याशी गावच्या बोलीत बोलू लागला होता आणि ते त्याच्या लक्षात नव्हतं. "आता ओढा," तो म्हणाला. ओढा मात्र नव्हता. तिथं नळ्या टाकून मातीचा भराव केला होता.

मी सांगणार होते की हो, ओढाच. तोंडातून निघालं, "ओढा बुजवलाय. वरून रस्ता केलाय."

"म्हणूनच मऊ लागलं," तो म्हणाला, आणि त्याला काही त्रास झालेला दिसला नाही. उलट तो जोरात पायडल मारू लागला.

एका ठिकाणी मागची रिम दगडावर ठण्णकन आपटली. उतरून पाहिलं तर कडेला जरासा पोचा, हवा शाबूत. "लागलं?" मी विचारलं. "लागलं!" तो म्हणाला, बक्षीस लागल्यासारखा. मला हसू आलं. शेवटचा टप्पा आम्ही सायकल ढकलत चढलो, दोघं, दोन बाजूंनी धरून.

माथा आला. झरा होता, बारीक धार, शेवाळलेला दगड. वसंत सायकल सोडून, हात पुढे करून चालू लागला. चार पावलं, मग आणखी दोन. "इथंच कुठंतरी बुंधा असंल," तो म्हणाला.

बुंधा नव्हता. खडकाला लागून एक काळा, जुना खुंट होता. तोही चिरलेला.

मी उभी राहिले. मनात म्हटलं, सांगावं की झाड थोडं पलीकडे आहे, खडक निसरडा आहे, जवळ जाऊ नकोस. त्यानं ऐकलं असतं. खाली जाऊन आनंदानं हुरडा खाल्ला असता. आक्काचीही अब्रू राहिली असती. तो हात पुढे करून उभाच होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतकी आस होती की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण इतका चढ चढून हा माणूस इथवर आला होता, तो माझ्या थापा ऐकायला नव्हे.

"वसंत, जांभूळ नाही."

"म्हणजे?"

"तोडलीय. बरीच वर्षं झाली असावीत. फक्त खुंट आहे."

त्याचे हात खाली आले. "कुठं आहे?" त्यानं विचारलं. मी त्याचा हात धरून खुंटावर टेकवला. त्यानं सगळा खुंट चाचपला, चीर पाहिली, मग त्याच्यावर बसला. मी झऱ्याचं पाणी बाटलीत भरलं. काही सुचत नव्हतं म्हणून भरलं. परत आले तर तो रडत होता, अगदी शांतपणे. मी शेजारी जमिनीवर बसले आणि त्याच्या गुडघ्याला डोकं टेकलं. वारा चांगला होता.

उतरताना चाकं सावकाश सोडली. पायथ्याच्या शेतात आक्कानं आगटी (हुरडा भाजायचा शेणी-काडक्यांचा जाळ) पेटवली होती. कणीस निखाऱ्यांच्या आरात भाजायचं, तळव्यांत चोळायचं, आणि हिरवे गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीशी खायचे. वसंत तिच्यासमोर बसला.

"आक्का, जांभूळ न्हाई तिथं."

तिचे चोळणारे हात थांबले. "मला ठावं हाय."

"मग कामून सांगितलं न्हाईस?"

"कसं सांगू, बाबा? तू फोनवर इचारायचास अन् 'हाय' म्हनलं की तुजा आवाज लय खूश व्हायचा. आदी डोळे गेले, आता झाड बी गेलं म्हनू? म्हनलं, तुला कुटं कळायचंय." एवढं बोलून तिनं जीभ चावली.

वसंतनं हात पुढे केला. "कळलं की. आन इकडं हुरडा." तिनं त्याच्या ओंजळीत गरम दाणे घातले आणि आपल्या दोन्ही हातांनी ती ओंजळ मिटून धरली. मग ती सोडेचना. शेवटी तोच म्हणाला, "आक्का, भाजायलंय."

नाशिकला माझ्या सायकलवाल्या मैत्रिणी विचारतील, म्हणून इथंच लिहून ठेवते. खडकाळ वाटेला ट्यूबलेसच घ्या, रुंद घ्या, पुढचा उंच दातांचा घ्या. दोघांची सायकल असेल तर मागचा टायर जाड भिंतीचाच असू द्या, विनायक खोटं सांगत नाही. पण हवा मात्र भीतीनं भरू नका. आणि मुक्कामाच्या घरी पोचल्यावर सायकल आत नेऊन ठेवा, विशेषतः घरात प्रेमळ माणूस असेल तर.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. सेलू मागे पडलं. वसंत खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून बसला होता. मला वाटलं, झाडाचंच दुःख असेल. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मी सांगायला नको होतं का?"

"तू क्षणभर थांबली होतीस," तो म्हणाला. "मला ऐकू आलं. तेवढ्या वेळात मी देवाला म्हणालो, झाड नसलं तरी चालेल, पण हिनं 'आहे' म्हणू नये." मग म्हणाला, "कारण मग मी तुझं कुठलंच खरं धरलं नसतं. आणि मला तर सगळं तुझ्याकडूनच घ्यायचंय."

इतकी वर्षं मी त्याला जग सांगते आहे, आणि सांगताना त्यातले खडे वेचून सांगते आहे, हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रोज मला विचारायचा.

गाडी कुठल्याशा गावाच्या मागच्या बाजूनं हळू हळू जाऊ लागली.

"बाहेर काय आहे?" त्यानं विचारलं.

मी खिडकीतून बघितलं आणि सांगितलं, "उकिरडा आहे. त्यावर दोन डुकरं लोळतायत. पलीकडे एक बाई धुणं वाळत घालतेय आणि आपल्या गाडीकडे बघून कुणाला तरी शिव्या देतेय."

तो इतका हसला की समोरचे प्रवासी आमच्याकडे बघायला लागले. मग डोकं मागे टेकून, डोळे मिटून तो म्हणाला, "हां. आता पुढचं सांग."